गुत्तेदाराचा अंगठा

गुत्तेदार मरून आता लई वर्षं झाली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मी तो जिवंत असतानाही वाईटच बोलत होतो, तेव्हा आता जीभ फिरवणं मला शोभायचं नाही. नातसून म्हणाली, "आबा, सगळं लिहून ठेवा, पण कुणाचं मन दुखंल असं नका लिहू." मी हाव म्हणलं आणि सगळ्यात आधी हेच प्रकरण लिहायला बसलो. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वाकडं येतं, पण आठवण सरळ आहे.

नांदेडात आमचं घर गोदावरीच्या घाटाच्या वरच्या अंगाला होतं. दोन खोल्या, वर पत्रे. बाबा मूळचे मुखेडकडले. जातीच्या वाट्याला आलेली गावची कामं सोडून ते शहरात आले, शिलाई मशिनीची दुरुस्ती शिकले आणि जन्मभर तेच केलं. गफूरभाई टेलरच्या दुकानाच्या ओट्यावर त्यांची सतरंजी असायची. घरी भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि फोटोखाली हत्यारांची पेटी. त्या पेटीला पाय लागला तर माय आम्हाला पाया पडायला लावायची. घराला कायम घासलेटाचा आणि मशीनच्या तेलाचा वास. भाकरीलाही तो वास आहे असं मी एकदा म्हणलो तर माय म्हणाली, "त्याच तेलाची भाकर हाय ती, वास येणारच." बाबा फार बोलत नसत. मशीनचं चाक हातानं हळूच फिरवायचे, डोळे मिटायचे आणि ऐकत बसायचे. कुठं खरखर, कुठं टकटक. मी मधेच काही विचारलं की बोट ओठावर. मशीन बोलून राहिली, तू गप बस, असा त्याचा अर्थ.

गुत्तेदाराची चरखी त्यांच्याकडे आली ती अशीच, मशिनीच्या ओळखीनं. गुत्तेदार सडका आणि पाझर तलाव बांधायचा. मोठा माणूस. जीप, बंदूक, आणि गळानं मासे धरायचा शौक. हैदराबादहून त्यानं परदेशी चरखी आणली होती. आताची पोरं तिला रील म्हणतात, आम्ही पतंगाच्या चरखीवरून चरखीच म्हणायचो. गळाच्या काठीवर बसवायची, आत पितळेची फिरकी, फिरकीवर नायलॉनची दोरी, दोरीच्या टोकाला वजनाला शिसं. काठी झटकली की शिसं उडतं, त्याच्या ओढीनं फिरकी गरगर फिरते आणि दोरी सुटत जाते. सगळी कमाल अंगठ्याची. फिरकीवर अंगठा हलका ठेवायचा आणि शिसं पाण्याला लागायच्या आधी दाबायचा. दाबायला उशीर झाला तर शिसं थांबतं, फिरकी मात्र फिरतच राहते, आणि सुटलेली दोरी तिच्यातच गुंतून असा गुंता होतो, जसे बाईनं केस कापून टोपलीत टाकावेत.

बाबा दरवर्षी पावसाळा सरला की ती चरखी उघडायचे. जुन्या धोतराचा तुकडा अंथरायचे आणि त्यावर एकेक पुर्जा काढला त्याच क्रमानं मांडायचे. पहिला काढलेला उजवीकडं, शेवटचा डावीकडं. घासलेटात धुवायचे, कोंबडीच्या पिसानं घाण काढायचे. दात्यांच्या चाकांना घट्ट वंगण, फिरकीच्या दोन्ही टोकांना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. एकच. दोन पडले तर पुसून पुन्हा एक. मोठा मासा ओढायला लागला की दोरी तुटू नये, घसरत जावी, म्हणून आत चामड्याच्या चकत्या असतात. त्या झिजल्या की बाबा नव्या कापायचे, तेलात रात्रभर भिजवायचे. आणि फिरकी फार पळू नये म्हणून तिच्या अंगावर दोन बारके गुटके असतात, ज्वारीच्या दाण्याएवढे. फिरकी जोरात फिरली की ते बाहेर सरकतात आणि घासून तिला आवरतात. हे गुटके बाबा नेहमी जाडच बसवायचे आणि बाजूची, फिरकी जड करायची चावीही आवळून ठेवायचे. मी विचारलं, "बाबा, ही एवढी आवळली कामून? हिच्यात लई दम हाय."

बाबा हसले. "चरखीत हाय. मालकाच्या अंगठ्यात न्हाई. त्येच्या अंगठ्याच्या मापानं आवळावी लागती. त्येला वाटतं आपल्याला जमतं. वाटू दे."

बारा वर्षं बाबांनी त्या माणसाची अब्रू अशी आवळून धरली होती. त्याला ठाऊकही नव्हतं.

मग तो दिवस आला. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा, बाबांच्या शेजारी ओट्यावर बसून मशिनी उघडायचो. जीप दुकानासमोर थांबली. गुत्तेदार उतरला तो चरखी हातात घेऊनच, आणि त्यानं ती बाबांच्या सतरंजीवर फेकली. आदल्या दिवशी त्याच्याकडं कोणी साहेब पाहुणा आला होता. त्याच्यासमोर दंडाएवढा रोहू लागला, ओढायला लागला, चरखी आतून गच्च झाली आणि दोरी तुटून मासा गेला. बाबांनी चरखी उचलली, झाकण काढलं, नाकाशी नेली. मलाही वास आला. करडीचं तेल. आमच्या मुलखातल्या माणसाचं हे पक्कं, घाण्याचं करडीचं तेल सगळ्याला चालतं. भाजीला चालतं, डोक्याला चालतं, बैलाच्या खांद्याला चालतं, मग चरखीला का नाही चालणार? पण करडीचं तेल हवेनं सुकतं, आणि सुकलं की लाखेसारखं चिकटून बसतं. चामड्याच्या चकत्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

बाबा हळूच म्हणाले, "मालक, ह्यात करडीचं तेल कुणी घातलं?"

त्यानंच घातलं होतं. त्याचं तोंडच सांगत होतं. पण गफूरभाईच्या दुकानात चार गिऱ्हाईकं उभी, रस्त्यावर दोघं-चौघं थांबलेले. तो ओरडला, "माझ्या घरच्या तेलाला नावं ठिवतो व्हय रे सोप्या? आतला कंपनीचा दाता काढून घेतला आन् देशी पितळाचा बसविला, म्हणून गच्च झाली. बारा वर्षं तुझ्या हाती देत आलो, बारा वर्षं पुर्जे चोरत आलास."

बाबांचं नाव सोपान. माझ्या बापाहून तो दहा वर्षांनी लहान असेल.

बाबा उठून उभे राहिले आणि काही बोललेच नाहीत. हेच मला तेव्हा सहन झालं नाही. बोलले असते, निदान शिवी दिली असती. ते नुसते उभे, हातात ते झाकण. त्यानं झाकण हिसकलं, चरखी उचलली आणि जीप गेली. आठ दिवसांत नांदेडातल्या टेलर लोकांत बोभाटा झाला की सोपान पुर्जाचोर आहे. ज्यांच्या मशिनी आमच्याकडं पडल्या होत्या ते येऊन न्यायला लागले. एकानं तर माझ्यादेखत मशीन उघडून आतले स्क्रू मोजले. गफूरभाई भला माणूस, पण त्यालाही गिऱ्हाईक सांभाळायचं होतं. म्हणाला, "सोपान, बुरा मत मान. चार दिन दुसरीकडं बस." त्या चार दिवसांचं वर्ष झालं. बाबा घरातच बसायला लागले. पेटी उघडायचे, हत्यारं पुसायचे, पुन्हा ठेवायचे. माय दुसऱ्यांच्या शेतात शेंगा फोडायला जायला लागली. कालवणात येसराचा मसाला कमी आणि पाणी जास्त. मी मोंढ्यात धान्याच्या पोत्यांची हमाली धरली. पोत्याखाली वाकलो की एकच गोष्ट डोक्यात. त्या माणसाला लोकांत उघडा पाडायचा. मारायचं नाही. मारून काय होतं, मारलं की तोच बिचारा होतो.

हे वाचून कुणी म्हणेल, राग पोसू नये. मी पोसला. बकरं पोसतात तसा, रोज थोडं थोडं घालून.

संधी त्यानंच आणून दिली. मुखेडकडच्या एका तलावावर त्यानं हैदराबादच्या शौकीन लोकांना बोलावलं होतं. मासे धरण्याच्या आधी मोकळ्या माळावर फेकीची शर्यत, कुणाचं शिसं लांब जातं ती. त्या लोकांच्या चरख्या नव्या, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या. ह्याची आवळलेली. त्यानं हैदराबादेत चौकशी केली, नांदेडात केली, पण ती जुनी चरखी उघडायला कोणी तयार होईना. शेवटी त्याचा ड्रायव्हर आमच्या दारात आला. बाबा म्हणाले, "मी हात लावणार न्हाई." ड्रायव्हर परत निघाला, तसा मी त्याच्या मागं गेलो आणि जीपमध्ये बसलो.

गुत्तेदार ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता, भोवती त्याची नेहमीची माणसं. मला बसायला कुणी सांगितलं नाही.

"तुला येतं का रे?"

"ज्यानं बारा वर्षं केली त्येच्याच हाताखाली शिकलो, मालक."

"मोकळी करायची. त्या लोकांच्या पुढं गेली पाहिजे."

"किती मोकळी?"

"पार मोकळी."

"पार म्हणजे, फिरकीला आडवणारं काहीच ठिवायचं न्हाई?"

"कितींदा इचारतो बे! न्हाई म्हणजे न्हाई."

मी दोनदा विचारलं होतं, आणि ओसरीवरच्या सगळ्यांनी ऐकलं होतं. मला तेवढंच पाहिजे होतं.

सहा दिवस मी त्या चरखीवर जीव ओतला. आजही सांगतो, त्याहून चांगलं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. सुकलेलं करडीचं तेल घासलेटात दोन दिवस भिजवून सोडवलं. फिरकी पितळी बुशीत, म्हणजे कड्यात फिरायची. टुरिंग टॉकीजच्या मशीनवर काम करणारा एक ओळखीचा होता, त्याच्याकडनं मी मोडक्या प्रोजेक्टरची छर्‍यांची दोन बारकी बेअरिंगं आणली आणि बुशी काढून ती बसवली. माप जमेना, तर पितळेच्या पत्र्याची नळी करून जमवलं. फिरकीची टोकं राखेनं आणि मग नुसत्या तळहातानं घासली, आरसा होईपर्यंत. चकत्या नव्या कापल्या. शेवटी दोन्ही गुटके काढले. मग फिरकीला बोटानं टिचकी मारली आणि ती फिरत राहिली. माय चुलीपाशी बसली होती, तिची हातातली भाकर थापून झाली, भाजून झाली, दुसरी थापली, तरी फिरकी फिरतच होती. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. डोळे मिटलेले. त्यांना आवाजावरून कळलं असणार मी काय काढलंय.

तीन दिवस पहाटे मी नदीच्या वाळूत जाऊन फेकून बघितली. पहिल्या दिवशी माझाही गुंता झाला, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी झाला नाही.

चरखी द्यायला गेलो तेव्हा निघालेले सगळे पुर्जे मी ओसरीवर सगळ्यांसमोर मोजून दिले. जुन्या बुशी दोन, जुन्या चकत्या चार, आणि काडेपेटीत दोन गुटके. "हे काय?" "फिरकीला आवरणारे." "कशाला ठिवू? फेक." मी म्हणलं, "मी न्हाई फेकणार मालक. पुर्जा तुमचा, तुमच्या हातात." तो हसला, काडेपेटी खिशात टाकली.

नातवानं परवा लातुरात मोबाईलवरून एक रील मागवली. आत लोहचुंबक आहे, फिरकी जास्त पळाली की तो ओढून धरतो. अंगठ्याला कामच नाही. मी बघितलं आणि मनात म्हणलं, असली चरखी तेव्हा असती तर त्या हरामखोराची अब्रू वाचवून गेली असती.

शर्यतीला मी न बोलावता गेलो. मुखेडपर्यंत एसटी, पुढं चालत. माळावर चुन्यानं अंतराच्या रेघा मारलेल्या, पाहुण्यांसाठी शामियाना, गावातली पन्नासेक माणसं बांधावर. हैदराबादवाल्यांत एक म्हातारे होते, मेंदी लावलेली दाढी. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. ते फेकायचे तेव्हा त्यांचा हात हललाय असं वाटायचंच नाही, शिसं मात्र गोफणीतून सुटल्यासारखं जायचं. मग गुत्तेदार पहिल्या रेघेवर आला. त्यानं लोकांकडं बघितलं, काठी मागं नेली आणि सगळा जोर लावून झटकली.

चरखीनं असा आवाज केला, जसं मधमाश्यांचं मोहोळ उठलं. शिसं उठलं, निम्मंही गेलं नव्हतं, आणि फिरकी त्याच्याही पुढं धावली. दोरी उसळून वर आली. गुत्तेदारानं घाबरून अंगठा दाबला तो थेट पळत्या फिरकीच्या काठावर. अंगठा कापला. शिसं हवेत थांबलं, झटका खाऊन मागं आलं आणि शामियान्याच्या कापडावर पडलं. चरखीच्या तोंडातून दोरीचा पुंजका लोंबत होता. मग बांधावरून एक म्हातारी ओरडली, "आगं बया, मालकाच्या काठीला सुगरणीनं खोपा केला की!"

ते हसणं मला अजून ऐकू येतं. झोप येत नाही तेव्हा मी ते आठवतो.

गुत्तेदार अंगठा धरून ओरडला, "चोराच्या पोरानं वाटोळं केलं! ह्यो बघा, ह्योच त्यो! चरखी बिघडवून दिली!"

मी पुढं झालो. "चाचा," मी म्हणलं, "तुम्ही फेकून बघा. बिघडलेली असंल तर माझा हात तोडा."

चाचांनी चरखी घेतली. खाली बसून, कुठंही न कापता गुंता सोडवला, त्याला बराच वेळ लागला. मग फिरकीला टिचकी मारली, कानाशी नेली, अगदी बाबांसारखी. उठून त्यांनी फेकलं. शिसं चुन्याच्या शेवटच्या रेघेच्या पलीकडं, सगळ्यांच्या शिशाच्या पलीकडं, निवडुंगात जाऊन पडलं.

"मियाँ," चाचा गुत्तेदाराला म्हणाले, "चरखी तो नंबरी है. ऐसा हाथ मैं ने हैदराबाद में बी नईं देखा. अंगूठा कच्चा है तो चरखी क्या करेगी?"

मी वर्षभर जे तोंडात धरून बसलो होतो ते तेव्हा बोललो. "चाचा, आता उघडून बी बघा. हिच्यातला कंपनीचा दाता माझ्या बापानं चोरला म्हणतात."

गुत्तेदार म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या आता." पण लोक पुढं सरकले होते. चाचांनी खिशातल्या नाण्यानं स्क्रू सैल केले, झाकण काढलं, आणि दात्यांचं चाक दोन बोटांत धरून उन्हात फिरवलं. त्याच्यावर कंपनीचा छाप होता. लहान चाकावरही होता. त्यांनी तो ज्याला त्याला दाखवला, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही. "असली माल है. जैसा का वैसा. किसने बोला चोरी का?"

सगळे गुत्तेदाराकडं बघत होते आणि तो तलावाकडं.

घरी आलो तेव्हा बाबा जेवत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, हातवारे करून. माय तोंडाला पदर लावून हसत होती, डोळ्यांत पाणी. बाबांनी घास खाली ठेवला. "कंपनीचा छाप समद्यांनी बघितला?" "समद्यांनी." त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "अंगठा कुठं ठिवायचा ते त्येला सांगितलं होतं का?"

"न्हाई."

"गुटके काढले की अंगठ्याचं काम वाढतं, हे?"

"त्यानं इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

"मग तू बी चोरलंस," बाबा म्हणाले. "कारागिरानं हत्याराचा स्वभाव सांगावा लागतो. ते गिऱ्हाईकाचं असतं, ते ठिवून घ्यायचं नसतं."

मला ते पटलं नाही. तीन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. सत्तरी ओलांडून गेली, अजून पटलेलं नाही. पण ते शब्द कानातून गेले नाहीत, हेही लिहितो.

चौथ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. आमच्या गल्लीत जीप येत नसे, माणूस चालत आला. गुत्तेदार, अंगठ्याला पांढरी पट्टी, काखेत पिशवी. मागं पोरं, बाया, नळावरचे लोक, गफूरभाईही दुकान टाकून आलेला. मासे धरायचा शौक अफूसारखा असतो. ऐन हंगाम सुरू होता आणि त्या चरखीनं त्याला एकही फेक जमत नव्हती. तो दारात उभा राहिला. माय जागची उठली नाही, पाणी विचारलं नाही.

"सोपानराव," तो म्हणाला. राव त्यानं पहिल्यांदा लावला. "ती पहिल्यासारखी करून द्या."

बाबांनी चरखीकडं बघितलंसुद्धा नाही. "माझे डोळे आता चालत न्हाईत, मालक. पोरगा करंल. पोराला सांगा."

गुत्तेदार माझ्याकडं वळला.

"करून दे बाबा. पहिल्यासारखी."

"पहिल्यासारखी म्हणजे कशी?"

"म्हणजे... जरा आवळून."

"कुणाच्या मापानं?"

बाबांनी माझ्याकडं रागानं बघितलं. गुत्तेदारानं मान खाली घातली. "माझ्या."

मी दारातच धोतराचा तुकडा अंथरला. काडेपेटी मागून घेतली, दोन्ही गुटके बसवले, चावी आवळली. पान खाऊन होईल एवढाही वेळ लागला नाही. चरखी काठीवर चढवली, काठी त्याच्या हातात दिली, आणि त्याचा तो पट्टीचा अंगठा धरून फिरकीवर ठेवला.

"मालक, अंगठा इथं," मी म्हणलं. "दाबायचा न्हाई. लेकराच्या कपाळाला ताप बघतो तसा, हलका. शिसं खाली यायला लागलं की मग दाबायचा. आता करून दाखवा."

त्यानं केलं. "चुकलं. पुन्हा." त्यानं पुन्हा केलं. पोरं खिदळत होती. "हाव, आता जरा बरं. रोज करा, येईल." बाबा म्हणाले होते, सांगावं लागतं. मी सांगितलं. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, एकदा नाही, पाच वेळा सांगितलं, आणि पाचही वेळा त्याला हाव म्हणायला लावलं.